ऐकलेल्या मालिका

आजवरच्या सगळ्यांत आवडत्या मालिका कोणत्या, असं विचारलं की माणसं बोटांवर मोजत दहा नावं सांगून मोकळी होतात. माझी पंचाईत होते. माझ्या यादीतल्या निम्म्या मालिका मी धड पाहिलेल्याच नाहीत. काहींचे भाग विजेने खाल्ले, काहींचे पावसाने आणि उरलेले आवणीने, म्हणजे भाताच्या लावणीने. तरी त्या मला पाठ आहेत. कुणी ना कुणी त्या मला सांगितल्या आणि काही मी दुसऱ्यांना सांगितल्या. शहापूर-मुरबाडच्या गावांत ऐंशीच्या दशकात वाढलेल्या कुणालाही विचारून पाहा. आमच्याकडे टीव्ही बराच काळ कानांनीच पाहिला जायचा.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. वरळीच्या त्या उंच मनोऱ्यापासून शहापूर-मुरबाड सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर, पण मधे पारसिकचे आणि मलंगगडाचे डोंगर आडवे. कल्याणला जे सहज दिसायचं त्यासाठी आमच्याकडे घराच्या दुप्पट उंचीचा बांबू पुरावा लागायचा. त्याच्या टोकाला अँटेना, तोंड नैर्ऋत्येला. त्याच दिशेला आमचं पाणी जातं. तानसाचं धरण १८९२ चं, भातसाचं बरंच नंतरचं. दोन्ही शहापूर तालुक्यात आणि दोन्हींचं पाणी मुंबईला. धरणांच्या उशाला असलेल्या पाड्यांवर मार्च उलटला की टँकरची वाट पाहायची. पाणी इकडून तिकडे आणि चित्रं तिकडून इकडे, असा तो व्यवहार. हिशेबाने तोट्याचाच. पण पोरवयात आम्हाला चित्रांचंच अप्रूप जास्त होतं, हेही खरं.

आमच्या गावात टीव्ही आला तो रेल्वेत कामाला असलेल्या एका काकांच्या घरी. काका पहाटे आसनगावला जाऊन लोकल पकडायचे आणि रात्री उशिरा परतायचे, त्यामुळे घरात टीव्ही असून पाहायला मिळायचा नाही तो एकट्या त्यांनाच. लाकडी खोकं, सरकती दारं, दारांना कुलूप, किल्ली काकूंच्या कमरेला. पडद्यावर निळसर काच; ती लावली की चित्र रंगीत दिसतं, अशी समजूत. पडवीत पुढे पोरं, मागे बाया, खाटेवर म्हातारे, आणि उंबऱ्याशी सहज थांबल्याचा आव आणून उभे असलेले बापये. कातकरवाडीतली पोरं खिडकीचे गज धरून बाहेर. त्यांना कुणी 'आत येऊ नका' म्हटल्याचं मला आठवत नाही. 'आत या' म्हटल्याचंही आठवत नाही. टीव्हीने अख्ख्या गावाला एकत्र बसवलं, असं आठवणींच्या लेखांत हमखास लिहिलेलं असतं. आमच्याकडे त्याने काहींना पडवीत बसवलं आणि काहींना खिडकीशी उभं केलं. बाहेर आवाज नीट पोचायचा नाही, म्हणून ती पोरं चित्र पाहून संवाद आपले आपण घालायची. पुढे महाभारत सुरू झालं तेव्हा गुफी पेंटलचा शकुनी त्यांच्यातल्या एकाला असा काही साधला होता, की तो डोळा बारीक करून लंगडत निघाला की पडवीतले लोक टीव्ही सोडून खिडकीकडे बघायचे. तो बोलायचा मात्र कातकरी बोलीत, आणि फासे टाकताना ज्या शिव्या द्यायचा त्या गांधारच्या राजपुत्राला सुचल्या नसत्या.

यादीत पहिलं नाव मी 'आमची माती, आमची माणसं'चं घालतो आणि ऐकणारा हसतो. शेतीचा कार्यक्रम ही काय मालिका झाली? पण मुंबईहून येणाऱ्या चित्रांत आमच्यासारखं काही दिसायचं ते तेवढ्याच वेळापुरतं. बाकी सगळा वेळ दिवाणखाने, टेलिफोन, जिने. इथे बांध दिसायचे, चिखल दिसायचा. कॅमेऱ्यासमोर उभा केलेला शेतकरी इस्त्रीचा सदरा घालून आलेला असायचा आणि हातांचं काय करावं ते त्याला कळत नसायचं. तो पाठ केल्यासारखं बोलायला लागला की आमचे आजोबा अवघडायचे. शेतीखात्याचे साहेब मात्र सराईत. ते 'हेक्टरी अमुक किलो' म्हणाले की आजोबांचा पारा चढायचा. आमची खाचरं डोंगरउताराला लागलेली, एकेक चार-पाच गुंठ्यांचं. "त्याला म्हणावं गुंठ्यात सांग, न्हाय तर गप बस." हे ते टीव्हीलाच सांगायचे. एकदा कुणी तज्ज्ञ राब भाजू नका म्हणाला. पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून रोपाची जमीन आधी भाजून घ्यायची, ही पद्धत आमच्याकडे बापजाद्यांपासूनची. त्या एका वाक्यावर पडवीत जी चर्चा पेटली ती पुढचे आठ दिवस पारावर चालू होती. तज्ज्ञाच्या बाजूने बोलणारा एकच निघाला, आणि त्याच्याकडे राब भाजायला गुरंढोरं नाहीत म्हणून तो तसं बोलतो, असं ठरलं. जया चांगली की रत्ना, कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून आलेलं नवं बियाणं आपल्या वरकस जमिनीला चालेल की नाही, हे सगळं त्या कार्यक्रमानंतर. कार्यक्रम आवडायचा तो असा, भांडायला. आज कुठल्याही मालिकेशी मी इतक्या पोटतिडकीने भांडत नाही.

'गप्पागोष्टी'तल्या राजा मयेकरांना म्हातारे आपल्याच भावकीतला कुणी असावा तसे ओळखायचे. आणि आकाशानंदांचं 'ज्ञानदीप'! तो कार्यक्रम पाहून लोकांनी ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळं काढली. टीव्हीवरचा कार्यक्रम बघून उठायचं आणि चारजणांनी मिळून गावात काहीतरी करायचं, ही कल्पना आज सांगितली तर पोरं संशयाने बघतात. प्रदीप भिडेंच्या बातम्या मी क्वचितच पाहिल्या, पण ऐकल्या रोज. तो आवाज भिंतीपलीकडून आमच्या ओटीपर्यंत स्वच्छ यायचा. 'साप्ताहिकी' तर माझ्या मते दूरदर्शनचा सर्वोत्तम कार्यक्रम. पुढच्या आठवड्यात काय काय दिसणार ते त्यात कळायचं. ते सगळं खरोखर दिसेल, असं त्या अर्ध्या तासापुरतं तरी वाटायचं.

आता रामायण. ते २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ ला संपलं. महाभारत त्याच वर्षीच्या २ ऑक्टोबरला सुरू होऊन २४ जून १९९० ला संपलं. रविवार सकाळ, रस्ते ओस, टीव्हीला हार-उदबत्ती, हे सगळं पुष्कळांनी लिहून ठेवलंय. ते आमच्याकडेही झालं, पुन्हा लिहीत नाही. या तारखांकडे शेतकऱ्याच्या नजरेने मात्र कुणी पाहिलेलं नाही. ३१ जुलै म्हणजे आवणीची ऐन धांदल. राब तयार, खाचरात पाणी, आणि पाऊस रविवार पाळत नाही. रामानंद सागरांनी हे सगळं घडवलं ते उंबरगावला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याला लागून, गुजरातच्या हद्दीत. तिथेही तोच पाऊस पडत असणार आणि तिथल्या बायाही चिखलात वाकलेल्या असणार. पण दिल्लीहून वेळ ठरवणाऱ्यांना आवणी कुठून माहीत असणार?

मग आमच्याकडे तोड निघाली. शेतात फारसा उपयोग नसलेलं एक पोर घरी ठेवायचं. त्याने भाग नीट पाहायचा, संपला की धावत खाचरावर यायचं आणि सगळं सांगायचं. ते पोर बऱ्याचदा मीच. आमच्या घरच्या बाया, शेजारच्या बाया, मजुरीला आलेल्या ठाकरणी, सगळ्या इरली पाठीवर घेऊन ओळीने वाकलेल्या. मी बांधावर उभा राहून सांगायचो आणि त्या मान वर न करता मागे सरकत रोपं लावायच्या. माझं सांगणं म्हणजे बातमी: राम अमुक म्हणाला, मग तो तमका आला, मग गाणं झालं, मग संपलं. बाया वैतागायच्या. "रडली का सीता? नेसली काय व्हती? दशरथ कसा पडला, उताणा का कुशीवर?" हे मी पाहिलेलंच नसायचं. मग आत्या सूत्रं हातात घ्यायची.

आत्याने तो भाग पाहिलेला नसायचा, तरी ती माझं चुकलेलं दुरुस्त करायची. माझ्या दोन वाक्यांवर ती तासभर रामायण उभं करायची, हातातली मूठ सुटी करत, रोप खोचत, एका लयीत. अडचण आली तर कथेकरीबुवांकडून ऐकलेलं वापरायची, मोखाडा-जव्हारकडे पाहिलेल्या बोहाड्यातलं वापरायची. बोहाड्यातला रावण मुखवटा तोलत, संबळाच्या ठेक्यावर नाचत यायचा. त्यापुढे टीव्हीवरचा रावण बोलतो फार, असं तिचं मत. कैकेयीच्या रुसण्याला तिने आमच्याच वाडीतल्या एका जावेची बोली दिली होती. कोणत्या जावेची ते सगळ्यांना कळायचं आणि ओळीतली एक बाई तेवढा वेळ गप्प असायची.

पुढच्या रविवारी वीज असायची, पाऊस उघडलेला असायचा आणि मला प्रत्यक्ष पाहायला मिळायचं. पडद्यावरचे मुकुट, नळकांड्यातून सुटणारा धूर, हवेत एकमेकांना भिडणारे बाण बघताना मजा यायची, पण मनात आत्याचं चाललेलं असायचं. तिची सीता जास्त बोलकी होती.

बाकीची नावं भराभर सांगतो. 'चिमणराव' मोठ्यांकडून ऐकलेलं. प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना पुढे पुष्कळ भूमिकांत पाहिलं, पण मोठी माणसं त्यांना चिमणराव-गुंड्याभाऊच म्हणत राहिली. 'गोट्या' बघताना ना. धों. ताम्हनकरांचं पुस्तक शाळेच्या कपाटात आहे हे कळलं आणि कपाटाची किल्ली मिळवण्यात अख्खी सहामाही गेली. 'एक शून्य शून्य'मधले पोलीस हाकेसरशी हजर व्हायचे. फोन असलेलं घर गावात एकच असताना तो नंबर आमच्या काय उपयोगाचा, हा प्रश्न कुणाला पडला नाही. 'दामिनी' दुपारची, रोजची. प्रतीक्षा लोणकरची ती वार्ताहर आमच्या बायांना मनापासून आवडायची, कारण ती साहेबांना उलटून विचारायची. तलाठी कार्यालयात खेपा घालून आलेल्या बाईला त्यातलं सुख कळतं.

एक मालिका मात्र मला कुणी सांगितलेली नको होती आणि मीही ती कुणाला सांगितली नाही. 'मालगुडी डेज'. आर. के. नारायण यांचं इंग्रजी लिखाण, शंकर नाग यांचं दिग्दर्शन, चित्रीकरण कर्नाटकात आगुंब्याला, भाषा हिंदी. आमचा कशाशीच संबंध नाही. आणि तरी ते गाव मला थेट खर्डी-आटगावच्या बाजूचं वाटायचं. स्टेशनजवळची झाडं, कुणाची तरी वाट बघणारी माणसं, उगाच मोठ्याने बोलणारे मास्तर. आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं आणि एल. वैद्यनाथन यांची ती धून सुरू झाली की मी पडवीत सगळ्यांत पुढे. त्यात सांगण्यासारखं काही घडायचंच नाही. हरवलेली वस्तू सापडायची, नाही तर सापडायची नाही. खाचरावर हे सांगितलं असतं तर बायांनी मला चिखलात लोळवलं असतं. मराठीत असं एक गाव पडद्यावर कुणी इतक्या निवांतपणे उभं केलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. पुढे कोल्हापूरची बोली मालिकांत आली, 'रात्रीस खेळ चाले'ने २०१६ मध्ये मालवणी घरोघर पोचवली. आमच्याकडची आगरी, कुणबी बोली पडद्यावर दिसते ती बहुतेक हशा पिकवण्यापुरती. दुःख झालं की आमची माणसं पडद्यावर एकदम पुणेरी बोलायला लागतात.

१९९९ मध्ये अल्फा मराठी आली, 'आभाळमाया' आली. मुरबाडच्या बाजारपेठेत केबल होती, धसई-टोकावड्याकडे वाड्यांवर काही नव्हतं. तालुक्याच्या गावी दिलेल्या मुली माहेरी आल्या की सुधा जोशीचं काय चाललंय ते सांगायच्या. पुन्हा तेच, ऐकणं! नंतर डिश आल्या, पण तोवर लोडशेडिंग सुरू झालं होतं आणि नेमकी मालिकांच्या वेळेला वीज जायची. मोबाइल आल्यावर तर एका गावची वीज असलेली बहीण दुसऱ्या गावच्या वीज नसलेल्या बहिणीला पूर्ण भाग फोनवर सांगायची, जाहिरातींसकट. आदेश बांदेकरांचं 'होम मिनिस्टर' बायांना आवडायचं ते पैठणीसाठी असं पुरुष म्हणतात. मला वाटतं, त्यात खऱ्या बाया खऱ्या घरात बसून नवऱ्यासमोर त्याच्याबद्दल बोलायच्या, म्हणून आवडायचं. मालिकेतल्या सुना रात्री झोपतानाही शालू नेसून असतात; दिवसभर वीटभट्टीवर राबून आलेली बाई त्यांच्याकडे बघून हसते आणि तरी पुढचा भाग चुकवत नाही. समीक्षकांनी या दोन गोष्टींपैकी कुठलीच मोडीत काढू नये.

आणि मग २०२०. टाळेबंदी लागली आणि दूरदर्शनने २८ मार्चपासून रामायण पुन्हा दाखवायला घेतलं. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला, असं दूरदर्शननेच जाहीर केलं. त्या ७ कोटींत आम्ही होतो. मी गावी अडकलो होतो. आत्या आता थकली होती, नजर अधू झाली होती. ती टीव्हीकडे पाठ करून दाराशी बसायची आणि ऐकायची. दारातून मुंबई-नाशिक हायवे दिसतो. मार्चअखेरपासून त्या रस्त्यावर माणसं चालू लागली. आधी तुरळक, मग मे महिन्यात रीघच. डोक्यावर बोचकी, खांद्यावर पोरं, काहींच्या सायकली, पायांत चपला असतील तर असतील. सगळ्यांची तोंडं कसाऱ्याच्या घाटाकडे. गावातल्या पोरांनी रस्त्याच्या कडेला पाण्याचे पिंप आणि खिचडीचं पातेलं मांडलं. सुरुवातीच्या दिवसांत एका दमलेल्या माणसाला मी गाव विचारलं तर तो बस्ती जिल्हा म्हणाला, अयोध्येच्या पुढचा. टीव्हीवर त्या आठवड्यात वनवास चालला होता. आत्याने विचारलं, ही समदी कुठं निघाली? मी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्याला निदान येताना इमान व्हतं." आणि घरातला गुळाचा डबा काढून मला रस्त्यावर पाठवलं. त्या दिवसांत टीव्हीवरचं कुणी कुणाला सांगत बसलं नाही. सांगण्यासारखं दारापुढून चाललं होतं.

पण मी तेव्हा एका प्रसंगाची वाट बघत होतो. पंचवटीतला. सीता पहिल्या पावसात रानातून शेवळं खुडून आणते आणि त्यांत काकडं घालायची राहतात. शेवळं ज्यांनी निवडलीत त्यांना ठाऊक आहे: वरचं आवरण सोलायचं, बुडखा काढून टाकायचा, बारीक चिरायची, आणि काकडांची आंबट जोड दिल्याशिवाय चुलीवर चढवायची नाहीत, नाही तर घसा खाजून जीव नकोसा होतो. राम मुकाट्याने जेवतो. लक्ष्मणाचा घसा खाजतो, तो दिवसभर घशाला हात लावत, कावलेला फिरत असतो, आणि तेवढ्यात तिथे शूर्पणखा येते. तिच्यावर तो एवढा चवताळला का, ते मला लहानपणापासून पक्कं ठाऊक होतं. अरुण गोविल, सुनील लहरी, दीपिका, सगळे डोळ्यांसमोर होते. लहरींचा घशाला लावलेला हातसुद्धा.

शूर्पणखेचा भाग आला आणि गेला. शेवळं नाहीत, काकडं नाहीत. मी आत्याला म्हटलं, "आत्या, ते शेवळांचं तू घातलं होतंस व्हय गं?"

"घालतीया कशाला," ती म्हणाली. "चौदा वर्सं रानात काढली नि शेवळं खाल्ली नसतील? त्यांनी दाखवलं न्हाय, ह्यात माझी काय चूक?"